अकरा पायऱ्यांचा उजेड

त्या घरात सकाळचे अकरा वाजले तरी जिन्यात उजाडायचं नाही. खाली शिवणाची खोली, रस्त्याकडे उघडणारी, लख्ख. वरच्या दोन खोल्याही लख्ख, वाऱ्याच्या. आणि या दोन उजेडांच्या मधे अकरा पायऱ्यांचा जिना, दिवसाढवळ्या डोळे मिटून बसल्यासारखा. सहा पायऱ्या सरळ, मग वळणाच्या तीन, भिंतीकडे रुंद आणि कठड्याकडे निमुळत्या होत गेलेल्या, मग वरच्या दोन. दिवा होता एक, अगदी वर, छताला. पण त्याची गंमत अशी, की उतरणाऱ्याची सावली उतरणाऱ्याच्याही आधी उतरायची आणि पुढच्या पायरीवर फतकल मारून बसायची. पाय टाकायचा तो सावलीच्या भरवशावर.

घरातल्या माणसांना हा जिना पायांनी पाठ होता. माणसं तरी किती, दोन. एक सून, जिला सगळी गल्ली सुईबाई म्हणायची, कारण ती बावीस वर्षं खालच्या खोलीत शर्ट, पॅंट, शाळेचे गणवेश आणि लोकांचे पडदे शिवत आली होती. आणि दुसरी तिची सासू. सुईबाईचा नवरा बोटीवर, इंजिनाच्या खोलीत. सहा महिने समुद्रावर आणि दोन महिने घरात, तेही जमिनीवर चालताना डुलत. म्हणजे वर्षातले बहुतेक दिवस या दोघीच एकमेकींचं घर होत्या.

सासूबाईंच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि काल त्या घरी आल्या. उजव्या डोळ्यावर पट्टी, डाव्यात आधीचंच धुकं. त्यांची लेक त्यांना घेऊन आली होती. ही लेक मोठ्या हॉस्पिटलात सिस्टर, हाडांच्या वॉर्डात. घरातही सगळे तिला सिस्टरच म्हणत. तिने आईला वर नेलं, उशा लावल्या, डोळ्यांत थेंब घातले, वाकायचं नाही, शिंकायचं झालं तर तोंड उघडून शिंकायचं, असं बजावलं आणि निघाली. आणि आई? आई लेकीला दारापर्यंत पोचवायला म्हणून तिच्या मागून उतरायला लागल्या. वळणावर कठडा धरून निमुळत्या टोकाकडे सरकल्या, अर्धा पाय पायरीवर, अर्धा हवेत, आणि धप्पकन खाली बसल्या.

लागलं काहीच नाही. पण सिस्टर दारातून परत फिरली ती पांढरीफटक होऊन.

"वहिनी, ऐक," ती म्हणाली. "एक डोळा बांधलेला, दुसऱ्यात जाळं, आणि हा जिना. मोडक्या खुब्यांची रांग बघते मी रोज. त्या रांगेत मला माझी आई नकोय. उद्या पाचला येते. हिचे कपडे भरून ठेव. माझ्याकडे तळमजला आहे."

"मी काय कपाट आहे का, इकडून तिकडे हलवायला?" आई वळणावर बसल्या बसल्या म्हणाल्या.

सुईबाईने सासूला हात देऊन उठवलं. नणंदेचं खोटं असतं तर भांडता आलं असतं. ती खरं बोलत होती, हीच तर पंचाईत. डोळ्यांपुढे तिला खालची खोली दिसली, समोरची सासूबाईंची खुर्ची रिकामी, आणि दिवसभर मशीनशिवाय कुणाचा आवाज नाही.

"ताई," तिने शेवटी धीर केला, "जिन्यात नीट उजेड केला तर?"

"केला तर बघू. पण बल्ब मोठा लावून मला गंडवू नकोस. प्रत्येक पायरी कुठे संपते ते दिसलं पाहिजे. प्रत्येक."

म्हणून आज दुकान उघडायच्या आधीच सुईबाई वायरवाल्याच्या दारात उभी होती, गळ्यातली मोजपट्टी काढायचंही विसरून.

"पायरीच्या ओठाखाली उजेड पाहिजे," ती म्हणाली.

वायरवाला शटर अर्धं वर करून थांबला. "पायरीला ओठ असतो?"

"असतो. पुढे आलेला असतो तो. त्याच्या आत, खालच्या बाजूला."

त्याने एक चपटी गुंडाळी काढून काउंटरवर ठेवली. फितीएवढी रुंद पट्टी, पाठीला चिकट, अंगावर तांदळाच्या दाण्यांएवढे दिवे. "पाच मीटर. पिवळसर उजेडाची ही शेवटची, नवा माल पुढच्या आठवड्यात. बारा व्होल्टची आहे, हात लागला तरी चावणार नाही. पण तिचा ॲडॅप्टर हाच लावायचा, तीन अँपिअरचा."

"घरी मोबाईलचा जुना चार्जर पडलाय."

"त्याला पडू दे," वायरवाला म्हणाला. "आणि या जोडायच्या डब्या. कापलेल्या तुकड्याचं टोक आत सरकवायचं आणि झाकण दाबायचं. एका वायरीच्या दोन टोकांना दोन डब्या, म्हणजे एक जोड. किती तुकडे?"

"अकरा."

"मग दहा जोड. गुंडाळलेली असताना पेटवून ठेवायची नाही, तापते. कापायच्या आधी प्लग काढायचा. आणि कापताना काय करायचं..."

"दादा," सुईबाई हसली, "कापणं मला शिकवता होय?"

वायरवाल्याने तिच्या गळ्यातल्या मोजपट्टीकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. ते त्याने मिटायला नको होतं.

घरी येऊन तिने कापायच्या टेबलावरचे गणवेश बाजूला सारले. मोठ्या कात्रीला हात लावला नाही. ती फक्त कापडाची. नवऱ्याने एकदा त्या कात्रीने पाकीट उघडलं होतं आणि पुढची बोट लागेपर्यंत बोलणी खाल्ली होती. तिने धाकटी कात्री घेतली, गुंडाळी उलगडली आणि तिचा जीव सुपाएवढा झाला. दर तीन दिव्यांनंतर पट्टीवर एक बारीक काळी रेघ होती, आणि त्या रेघेपाशी चक्क इवलीशी कात्री काढलेली. वायरींच्या जगात कुणीतरी शिंप्यांची आठवण ठेवली होती.

आता, शिंप्याच्या लेखी रेघ म्हणजे काय? रेघ म्हणजे शिवण. जिथे टाका पडायचा, ती जागा. शिंपी रेघेवर कधीही कापत नाही. रेघेबाहेर अर्धं बोट माया ठेवून कापतो, म्हणजे शिवणीच्या आत दुमडायला कापड उरतं. रेघेवर कापणारा शिकाऊ पोरगा पहिल्याच दिवशी घरी जातो. सुईबाईने पायऱ्या मोजल्या होत्या. पंचेचाळीस सेंटीमीटरचा तुकडा प्रत्येक ओठाखाली छान बसत होता. तिने पंचेचाळीसची रेघ धरली, बाहेर अर्धं बोट सोडलं आणि कच्चकन कापलं. हात इतका सरळ की पट्टीचं टोक पातीसारखं निघालं. मग दुसरा तुकडा. मग तिसरा. आणि शिंपी आधी सगळं कापतो, मग शिवायला बसतो, त्याप्रमाणे तिने एकही जोडून न बघता अकराच्या अकरा तुकडे कापून टेबलावर ओळीने मांडले. अकरावा तेवढा तोकडा निघाला. चालायचंच, ती म्हणाली, आणि स्वतःवर खूश होऊन जोडायला घेतलं.

पहिला तुकडा ॲडॅप्टरला लागला आणि पेटला. मधासारखा उजेड टेबलभर सांडला. तिने प्लग काढला, दुसरा तुकडा डबीत सरकवला, झाकण दाबलं, प्लग लावला.

पहिला पेटला. दुसरा आंधळा.

तिने झाकण आणखी दाबलं. गणवेशाचं टिचबटण दाबतात तसं, अंगठ्याचा सगळा जोर लावून. टक्क! झाकण दोन तुकडे. दुसरा जोड घेतला. टक्क! तिसरा मोडला नाही, पण उजेडही आला नाही. घड्याळात सव्वा वाजला होता.

"सुईबाई!" वरून हाक आली. "काय मोडलं गं?"

"काही नाही, आई. तुम्ही पडून राहा."

"दोनदा मोडलं. प्लॅस्टिक आहे."

"अहो, पडून राहा ना!"

"कालपासून पडून राहायलाच सांगतेयस. माझी पाठ गादीला ओळखायला लागली. जे काय करतेयस ते वर आण."

"डॉक्टरांनी सांगितलंय..."

"डॉक्टरांनी वाकू नको म्हटलंय. खुर्चीत ताठ बसू नको असं म्हटलेलं नाही. आणि पट्टी डोळ्याला बांधलीय, बोटांना नाही."

आता हे सांगायलाच हवं, की या बाई तेवीस वर्षं रेडिओच्या कारखान्यात होत्या. लांब टेबलाशी चाळीस बायका, प्रत्येकीच्या हातात तापलेली सोल्डरिंगची कांडी, आणि पुढून सरकत जाणारे हिरवे पत्रे. दिवसाला कितीतरी जोड. बरोबरच्या बायकांनी त्यांचं नाव चटका ठेवलं होतं, आणि ते काही फक्त कांडीमुळे नव्हतं. पण कारखाना बंद होऊन इतकी वर्षं झाली होती, की सुईबाईच्या डोक्यात ते आलंच नाही. तिच्या डोक्यात आजारी सासू होती, जिला जपायचं होतं.

ती अकरा तुकडे ओढणीसारखे खांद्यावर टाकून, ॲडॅप्टरही घेऊन वर गेली आणि तिथल्या प्लगला लावून पुन्हा बघितलं. दुसरा आंधळाच.

आईंनी एक तुकडा घेतला. मान सरळ ठेवून, न बघता, अंगठ्याचं नख पट्टीवरून हळूहळू फिरवत नेलं. दिवा, दिवा, दिवा. मग टोक. नख तिथे थांबलं, परत मागे आलं, पुन्हा टोकाशी गेलं.

"हे काय? कात्री कुठे चालवलीस?"

"रेघेबाहेर. अर्धं बोट."

"का?"

"आत दुमडायला," सुईबाई म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिला आपलं बोलणं ऐकू आलं.

आईंचे खांदे हलायला लागले.

"हसू नका! डोळ्यावर ताण येईल."

"मग हसवू नकोस," आई कशाबशा म्हणाल्या. "दुमडायला! विजेला काय खिसा शिवतेयस?"

"आई, पाचला ताई येतेय." सुईबाईचा आवाज एकदम बारीक झाला. "दुकानातली शेवटची गुंडाळी होती. मी सगळी वाया घालवली. तुमचे कपडे भरावे लागतील मला."

त्या आवाजाबरोबर आईंचं हसू थांबलं. त्यांनी चाचपून तिचं मनगट धरलं आणि तिला शेजारच्या स्टुलावर बसवलं.

"बस. बोट दे इकडे. हे लागतंय का, रेघेच्या दोन्ही अंगांना, बारीक उंचवटा? तांब्याचे ठिपके आहेत. तीन दिव्यांचं एक घर, आणि हे ठिपके म्हणजे घराची दारं. एका दाराने वीज आत येते, दुसऱ्याने परत जाते. रेघ ठिपक्यांच्या बरोबर मधून जाते, म्हणजे कापलं की अर्धा ठिपका या घराला, अर्धा पलीकडच्याला. तू काय केलंस? दार सोडलंस आणि घराचीच भिंत फोडलीस. आता डबीचे दात चावतात ते वरच्या पांढऱ्या रंगाला. रंगात कुठली आलीय वीज?"

"मग?"

"मग काय. मोडकं घर तेवढं टाकून द्यायचं. आतल्या रेघेवर ये आणि काप. बरोबर रेघेवर. तुकडे थोडे आखडतील, मरणार नाहीत. प्लग काढलायस ना? भिंतीशी जाऊन बघून ये."

"काढलाय, आई."

"बघून ये म्हटलं. चालू पट्टीत कात्री घातलीस तर पातं दोन्ही वाटा एकमेकींना जोडतं. तुला काही होणार नाही, पण ॲडॅप्टर जाईल, आणि आज आपल्याला तो हवाय."

ती बघून आली. आली, बसली, कात्री उघडली, रेघेवर ठेवली, आणि कात्री आपोआप केसभर बाहेर सरकली. पुन्हा ठेवली. पुन्हा सरकली. बावीस वर्षांचा हात, तो काय एका दुपारी ऐकतो!

"थांब," आई म्हणाल्या. त्यांनी पट्टी हातात घेतली, ठिपके चाचपले आणि अंगठ्याचं नख बरोबर रेघेला टेकवून धरलं. "आता रेघेकडे बघू नकोस. माझ्या नखाला लागून जा."

"तुम्हाला लागेल."

"तुझ्या कात्रीने? कापडाचा एक धागा चुकत नाहीस, माझं बोट चुकशील?"

नखाला लागून कात्री गेली. एकदा, दोनदा, दहादा. सुईबाई श्वास धरून कापत होती आणि आई धुकट डोळा खिडकीकडे लावून निवांत पुढचं टोक चाचपत होत्या, जणू भाजी निवडायला बसल्या आहेत. वीस वेळा ते नख रेघेवर ठेवलं गेलं आणि वीस वेळा कात्री त्याच्या अंगाला न दुखावता घासून गेली. मांडीवर मोडक्या घरांचा ढीग झाला. उरलेले तुकडे मोजले: कुणी आठ घरांचा, कुणी सात, आणि तो तोकडा अकरावा पाचच घरांचा.

"आता हे पुरायचे कसे?" आई म्हणाल्या. "मी असते तर सगळे सारखे करून सरसकट लावले असते."

"छे!" इथे सुईबाई तिच्या राज्यात आली. "कापड कमी पडलं की कमीपणा जिथे डोळा जात नाही तिथे ढकलायचा. पाच घरांचा तुकडा सगळ्यात खालच्या पायरीला. तिथे माझ्या खोलीचा उजेड पडतोच. सातवाले सरळ पायऱ्यांना. आठवाले वळणाला. तिथे तुमचा हात कठड्याशी जातो आणि पायही तिकडेच जातो, निमुळत्या बाजूला. म्हणून वळणाचे तुकडे भिंतीकडे सरकवून लावायचे. पाय उजेडामागे जाईल."

आईंनी मान हलवली, डॉक्टरांच्या परवानगीएवढीच. "हे मला नसतं सुचलं."

जोड मात्र आठच उरले होते, दोन टिचबटणासारखे दाबून मोडलेले. दुपारी वायरवाला शटर ओढून जेवायला जायचा तो साडेचारपर्यंत. आई म्हणाल्या, "माझ्या पेटीत तळाशी निळ्या फडक्यात आहे बघ."

निळ्या फडक्यात सोल्डरिंगची कांडी होती. कारखाना बंद झाला त्या दिवशी सगळ्या बायकांनी निरोपाची भेट म्हणून भांडी घेतली होती. यांनी ही मागून घेतली होती.

"माझ्याने नाही व्हायचं, आई."

"शर्टाची कॉलर उलटवतेस ना? त्याहून सोपं. खिडकीशी बस, धूर बाहेर जाऊ दे. मी इकडे दाराशी बसते. भाजलीस तर मोठ्याने ओरड, मनात ठेवू नकोस."

आईंनी डबीच्या मोडक्या जोडांमधल्या वायरी सोलून घ्यायला लावल्या. आधी ठिपक्यावर एक थेंब, मग वायरीच्या टोकावर एक, मग दोन्ही थेंब एकमेकांवर ठेवून कांडी टेकवायची, आणि वितळले की उचलायची. पण किती वेळ टेकवायची?

"आमच्या टेबलाला एक गाणं होतं," आई म्हणाल्या. "एकदा म्हणायचं आणि कांडी उचलायची. नव्या पोरींना घड्याळ नव्हतं, हेच घड्याळ." आणि त्या खर्जात म्हणाल्या:

"लालाशी लाल गं बाई, काळ्याशी काळं,
चुकशील तर होईल राणी, कामाचं वाटोळं."

पहिल्या खेपेला सुईबाई गाणं विसरली. थेंब पसरला आणि दोन्ही ठिपक्यांवर मांडी घालून बसला.

"आवाज फार लांबला," दाराशी बसलेल्या आई म्हणाल्या. "दोघांना एकच थेंब लागलाय का? काढ. लाल आणि काळं असे गळ्यात गळे घालून बसले तर सगळं बंद पडेल. पूस आणि पुन्हा."

दुसऱ्या खेपेला सुईबाईने गाणं म्हटलं, घाबरत, पुटपुटत. चर्र झालं, बारीक वास आला, आणि तिने कांडी उचलली.

"हा," आई म्हणाल्या. "हा लागला."

"तुम्हाला दिसलं?"

"ऐकू आलं. निवू दे, मग आण इकडे." निवल्यावर त्यांनी जोडावरून बोट फिरवलं, आणि इतकं हळू फिरवलं की सुईबाईला वाटलं, हा हात आपल्या कपाळावरून फिरतोय. "गुळगुळीत आहे. टेप गुंडाळ वरून. उरलेले सगळे असेच कर."

मग आठ डब्यांचे जोडही लागले, यावेळी अलगद. अकरा तुकड्यांची माळ जमिनीवर पसरून प्लग लावला. पहिले चार पेटले. पुढचे सात काळेठिक्कर.

सुईबाई माळेशी गुडघ्यावर बसली. "आई..."

"कुठून पुढे गेलेत?"

"पाचव्यापासून."

"मग चौथ्या-पाचव्याच्या मधली डबी उलटी बसलीय. गाणं नुसतं म्हणायचं नसतं गं, ऐकायचंही असतं. प्लग काढ, फिरव."

तिने प्लग काढला, लालाशी लाल लावलं, प्लग घातला. आणि खोलीच्या जमिनीवर, एका भिंतीपासून दुसरीपर्यंत, उजेडाची नागमोडी वाट उमटली. आई धुकट डोळ्याने बघत राहिल्या.

"दिसतंय?" सुईबाईने विचारलं.

"धूसर. पण ओळीने." त्यांनी नाक ओढलं. "छान आहे. चल, तीन वाजून गेले. नुसती बघत काय बसलीस?"

पुढचा दीड तास सुईबाई जिन्यात पालथी होती. कोरड्या फडक्याने प्रत्येक ओठाखालची धूळ पुसायची, तुकडा चिकटवायचा, अंगठ्याने टोकापासून टोकापर्यंत दाबायचा, जोडाची वायर पायात येऊ नये म्हणून भिंतीच्या कडेला बसवायची. वरच्या खुर्चीतून हुकूम सुटत होते. "वळणावर वायर ताणू नकोस, सैल ठेव! ताण आला की जोड सुटतो." "नाही ताणत." "ताणलीस. तुझा श्वास बदलला." "आई, तुम्ही माणूस आहात की रेडिओ?"

पाचला दहा कमी असताना सिस्टर आली. काखेत रिकामी बॅग. दारातच तिने वाकून बुटाची नाडी सोडली, वर पाहिलं, आणि हात नाडीवरच राहिला.

"वरचा दिवा बंद कर," ती म्हणाली.

सुईबाईने बंद केला. जिना काळोखात गेला नाही. अकरा ओठ अकरा उजेड हळूच खालच्या पायरीवर सांडत होते आणि प्रत्येक पायरी कुठे संपते ते सुरीने कापल्यासारखं स्पष्ट होतं. सिस्टर अनवाणी चढली, उतरली, पुन्हा चढली. वळणावर थांबून वायर ओढून बघितली. खाली येऊन, तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावतात तसा हात उलटा करून ॲडॅप्टरला लावला.

"कोमट," ती म्हणाली. "कुणी केलं? माणूस बोलावलास?"

"आम्ही केलं."

"आम्ही म्हणजे?"

"आम्ही म्हणजे आम्ही!" वरून आवाज आला.

सिस्टरच्या नाकाला तेवढ्यात वास लागला. "सोल्डर? आई! ऑपरेशन होऊन दोन दिवस नाही झाले आणि तू धुरात बसलीस?"

"धुरात ही होती. मी दाराशी, खुर्चीत, ताठ. वाकले नाही, शिंकले नाही. हसले थोडी, पण तो हिचा दोष."

"हे सगळं ठीक आहे," सिस्टर म्हणाली, आणि तिचा आवाज वॉर्डातला झाला. "पण उजेड माझ्यासाठी नाहीये. तू उतरून दाखव. एकटी. आणि जमलं नाही तर निमूट माझ्याबरोबर यायचं."

सुईबाई वर धावणार होती. आईंच्या उघड्या तळहाताने तिला तिथेच थोपवलं. "कुणी धरायचं नाही."

वरच्या दोन पायऱ्या त्या सहज उतरल्या. मग वळण. उजवा हात सवयीने कठड्याकडे गेला, आणि त्याच्या मागोमाग पायही निघाला, कालच्याच वाटेने, निमुळत्या टोकाकडे. पाय हवेत थांबला. धुकट डोळा खाली वळला, जिथे उजेडाची रेघ भिंतीशी सुरू होत होती आणि कठड्याच्या अलीकडेच संपत होती. पाय तिच्याकडे सरकला, टेकला, जड झाला. दुसरा पाय त्याच्या शेजारी आला. पुढची पायरी, भिंतीकडून. तिच्या पुढची, भिंतीकडून. कठड्यावरचा हात लांब ताणला गेला होता, पण सुटला नाही. मग सरळ सहा पायऱ्या, एकेक, मोजून मापून, आणि शेवटची पायरी उतरून त्या उभ्या राहिल्या त्या अगदी लेकीच्या समोर.

सिस्टर तिथेच पायरीवर बसली, दिवसभराची ड्यूटी एकदम पायांत उतरल्यासारखी.

"मला माहीत आहे," ती जरा वेळाने म्हणाली. "माझ्याकडे तू आठ ते आठ एकटी असशील. भिंतींशी बोलत. सगळं माहीत आहे मला. पण काल तू पडलीस तो आवाज..."

"बसले. पडले नाही."

"बसलीस तो आवाज माझ्या कानातून जाईना, आई. रात्रभर."

आईंनी चाचपून लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. "आवाज मोठा होता, कारण बूड मोठं आहे माझं. त्यात जिन्याचा काय दोष?"

सिस्टर आधी रडायला लागली होती की हसायला, हे तिलाही सांगता आलं नसतं. सुईबाई तिच्या शेजारी बसली. पायरी दोघींना अरुंद पडत होती, पण कुणी उठलं नाही.

"राहा," सिस्टर नाक पुसत म्हणाली. "पण थेंब चार वेळा, चुकवायचे नाहीत. आणि उतरायचं झालं की आधी वहिनीला हाक मारायची. मारायची म्हणजे मारायची. आणि माझ्याकडे बाथरूमबाहेर बोळ आहे एक, काळा कुट्ट. तिथे असं काही..."

"डोळा मोकळा होऊ दे," आई म्हणाल्या. "येऊ आम्ही दोघी. सकाळी येऊ आणि जेवायच्या वेळी परत. राहायला नाही."

दुसऱ्या दिवशी सुईबाई बाजूला सारलेले गणवेश घेऊन बसली होती. बाह्या लावायच्या राहिल्या होत्या. दहाच्या सुमाराला वरून हाक आली, "सुईबाई, उतरतेय गं मी!"

मशीन थांबलं. ती अर्धी उठली. दारातून तिला जिन्याचा खालचा भाग दिसत होता, उजेडाच्या सहा रेघा. वर, न दिसणाऱ्या वळणावर, पावलांचा आवाज थांबला. तिने टेबलाची कड धरली. सगळं अंग दाराकडे निघालं होतं आणि तिने ते ओढून खुर्चीत परत बसवलं. पावलं पुन्हा चालायला लागली. सगळ्यात वरची रेघ एका पावलाने झाकली, उघडली. मग तिच्या खालची. मग तिच्या खालची.

आई दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या.

"हाक मारली होती मी," त्या म्हणाल्या.

"ऐकली," सुईबाई म्हणाली, आणि मशीन चालू केलं.